संधिवात असलेल्या आईचे दिव्यांग प्रमाणपत्र २८ टक्क्यांवर अडले आहे

मांजराकाठ, लातूर

नमस्कार. माझे माहेर औसा तालुक्यातील एका लहान गावात असून लग्नानंतर मी लातूरला राहते. माझ्या आईचे वय ५१ वर्षे आहे आणि गेली नऊ वर्षे तिला आमवात आहे. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. सुरुवात बोटांच्या पेरांपासून झाली, पुढे मनगटे आणि मग दोन्ही गुडघे धरले. पूर्वी ती कापूस वेचणीला आणि सोयाबीन काढणीला जात असे. आता विळ्याची मूठ तिच्या हातात राहत नाही. भाकरी थापता येत नाही म्हणून घरात पोळ्या होतात, आणि त्याही वडील लाटतात. पेरांच्या सुजेमुळे बांगड्या चढेनात, तेव्हा तिने त्या कायमच्या काढून ठेवल्या, याचे तिला आजारापेक्षा जास्त वाईट वाटते.

गेल्या वर्षी आम्ही रीतसर ऑनलाइन अर्ज करून एका शासकीय रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर गेलो होतो. सकाळी सातला घरून निघालो, नंबर दुपारी दीडच्या सुमारास आला. डॉक्टरांनी गुडघ्यांचा जुना एक्स-रे पाहिला, आईला चालायला सांगितले, गुडघे वाकवून पाहिले आणि आम्ही दोन-तीन मिनिटांत बाहेर आलो. हाताविषयी मी बोलू लागले, तेव्हा "वात आहे, वयानुसार होतोच" असे उत्तर मिळाले. नंतर जे प्रमाणपत्र आले त्यावर २८ टक्के लिहिले आहे आणि कार्ड पांढऱ्या रंगाचे आहे. गावात सगळे सांगतात की ४० टक्क्यांच्या खाली निराधारचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान, होत नाही.

वडील जमेल तेव्हा रोजंदारी करतात आणि दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. आईला सध्या लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये मिळतात. माझे प्रश्न असे आहेत की संधिवाताला दिव्यांगत्व मानतात की नाही, मानत असतील तर पुन्हा तपासणी मागता येते का, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास लाडकी बहीण बंद होऊन उलट नुकसान तर होणार नाही ना? गावातील एक जण "४५ टक्के करून देतो" म्हणून बारा हजार रुपये मागत आहे. वडिलांचे मन तिकडे वळू लागले आहे, म्हणून जरा घाईने विचारते आहे.

दुधना, सेवानिवृत्त अव्वल कारकून

ताई, आधी त्या बारा हजारांविषयी लिहितो, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे आणि याला नाही. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज करायला कोणतेही शुल्क नाही. खोटी माहिती देऊन दिव्यांगांसाठीचा लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रकरण उघड झाले की पैसे घेणारा माणूस गावात सापडत नाही आणि कार्डावर नाव तुमच्या आईचे असते. तुमच्या आईचा आजार खरा आहे. खऱ्या प्रकरणाला खोटा कागद जोडला की पुढे खरे कागदही संशयाने पाहिले जातात. माझ्या नोकरीच्या काळात अशी दोन-तीन प्रकरणे टेबलावरून गेली आहेत. वडिलांना हे शांतपणे समजावून सांगा.

आता मूळ मुद्दा. प्रमाणपत्र देणे हे रुग्णालयाचे काम आहे आणि अनुदान मंजूर करणे हे तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेचे काम आहे. टक्केवारी वाढली म्हणून अनुदान आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. बरीच माणसे ४० टक्क्यांच्या वरचे पिवळे कार्ड हातात आल्यावर वर्षभर पगाराची वाट पाहत बसतात आणि मग कळते की तहसीलला अर्जच गेलेला नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय १८ ते ६५ वर्षे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, अशा अटी आहेत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. सेतूवर बसलेला मुलगा कधी कधी तोच आकडा सांगून माणसाला परत पाठवतो, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. अर्जासोबत यूडीआयडी प्रमाणपत्र, आधार, शिधापत्रिका, वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक लागते. अनुदान थेट खात्यात येत असल्यामुळे आधार ज्या खात्याला जोडलेले आहे तेच खाते द्यावे. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात ते बहुधा तेच असेल. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो राहिला की पगार थांबतो.

लाडकी बहीणविषयी तुमची शंका रास्त आहे. शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर लाडकी बहीणचा लाभ घेता येत नाही. दोन्ही एकदम मिळणार नाहीत. मात्र दिव्यांग लाभार्थ्यांचे संजय गांधी अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १५०० वरून २५०० रुपये झाले आहे, त्यामुळे पात्र ठरल्यास महिन्याला हजार रुपये जास्तच पडतील. माझा सल्ला असा की मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत जे चालू आहे ते सोडू नये आणि आदेश आल्यावर ते लपवूही नये, कारण दोन्ही याद्या आधार क्रमांकावर चालतात आणि तफावत उशिरा का होईना, सापडते.

२८ टक्क्यांविरुद्ध त्याच २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते. पण तुमच्या लिहिण्यावरून हाताचा एकही कागद बोर्डासमोर नव्हता. अपिलात तोच अपुरा संच पुढे ठेवण्याऐवजी नवे कागद तयार करून पुनर्तपासणी मागणे मला अधिक सरळ वाटते. टक्केवारी कशी ठरते हे मला सांगता येणार नाही; आपल्या इथल्या बालाघाट यांनी ते लिहावे.

बालाघाट, भौतिकोपचार तज्ज्ञ

दुधनाकाकांनी हाक दिली म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे दिली आहेत आणि त्या यादीत संधिवात हे नाव नाही. त्यामुळे "संधिवाताचे प्रमाणपत्र मिळत नाही" असे जे लोक सांगतात ते अक्षरशः खोटे नाही, पण अर्धवट आहे. सांध्यांच्या आजाराने हालचालीवर कायमची मर्यादा आली असेल, तर ती चलनविषयक दिव्यांगत्वात, म्हणजे लोक ज्याला अस्थिव्यंग म्हणतात त्यात मोजली जाते. बोर्ड आजाराला गुण देत नाही. रक्तातील आरए फॅक्टर किती वाढला आहे, गोळ्या किती वर्षांपासून चालू आहेत, रात्री किती दुखते, याचा थेट आकडा कुठेच धरला जात नाही. सांधा किती अंश वाकतो, स्नायूंत जोर किती आहे आणि त्या अवयवाने माणूस काय करू शकतो, एवढे मोजले जाते. तुमच्या आईचे प्रकरण इथेच घसरले असावे, कारण तुम्ही आजार सांगत होतात आणि समोरचे डॉक्टर हालचाल शोधत होते.

पायाचे मूल्यमापन दोन भागांत होते. एक भाग हालचालीचा आणि दुसरा स्थैर्याचा, आणि दोन्ही प्रत्येकी ९० टक्क्यांचे असतात. स्थैर्य पाहण्यासाठी नऊ क्रिया असून प्रत्येकीला १० टक्के आहेत: सपाट जागेवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, आजारी पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघ्यांवर बसणे आणि वळणे. आता विचार करा, दुपारी दीड वाजता फरशीवर दहा पावले चालणारी बाई ठीकच दिसणार. पण ती उकिडवी बसू शकते का, मांडी घालू शकते का, हे कोणी पाहिले का? आपल्याकडे या दोन क्रिया रोजच्या जगण्यातल्या आहेत. पंगतीला ज्या बाईला खुर्ची मागावी लागते तिला हे वेगळे सांगावे लागत नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तर नम्रपणे आपण म्हणावे, "साहेब, हिला मांडी घालता येत नाही आणि खाली बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही, कृपया पाहून घ्यावे."

हाताचे गणित वेगळे आहे आणि आमवातात तेच जास्त महत्त्वाचे ठरते. पंजासाठी पकड, संवेदना आणि ताकद असे तीन भाग असून प्रत्येकाला ३० टक्के आहेत. आमवातात कातडीची संवेदना बहुधा शाबूत राहते, त्यामुळे तो ३० चा भाग बहुतेक रुग्णांच्या बाबतीत शून्य धरला जातो. उरलेले दोन भाग नीट तपासले गेले नाहीत, तर हात कागदावर चांगला आणि घरात निकामी, अशी अवस्था होते. पकडीतही प्रकार आहेत: अंगठा बाकीच्या बोटांना टेकवणे, किल्ली धरतो तसे चिमटीत धरणे, पेला धरणे, चेंडूसारखी गोल वस्तू धरणे आणि बादलीची कडी बोटांत अडकवून उचलणे. तुम्ही विळ्याच्या मुठीचे लिहिले आहे; ते बोर्डापुढे याच भाषेत सांगा.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. वेगवेगळ्या अवयवांची टक्केवारी सरळ बेरजेने मिळवत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, तो ९० मधून वजा करायचा, जे उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचे, ९० ने भागायचे आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. उदाहरणादाखल गुडघ्यांचे २८ आणि हाताचे २४ धरा. ९० मधून २८ गेले, ६२ राहिले, २४ गुणिले ६२ भागिले ९० म्हणजे साधारण साडेसोळा, एकूण साडेचव्वेचाळीस. म्हणजे ५२ होत नाहीत, पण ४० ची रेषा ओलांडली जाते. हाताचा २४ हा आकडा मी मनाचा धरला आहे. आईचा खरा आकडा तपासणाऱ्यालाच कळेल. मात्र हात मोजलाच गेला नसेल, तर केवळ गुडघ्यांवर ४० गाठणे अवघड असते, एवढे यावरून दिसेल.

कागदांचे म्हणाल, तर दोन्ही हातांचे आणि मनगटांचे ताजे एक्स-रे काढा. गुडघ्यांचा एक्स-रे झोपवून न काढता उभ्याने, अंगावर वजन घेतलेल्या स्थितीत काढायला सांगा, कारण सांध्यातील जागा किती कमी झाली हे त्यातच खरे दिसते. त्याहून मोलाचा कागद म्हणजे शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील नोंदी. नऊ वर्षांचे उपचार खासगीत झाले असतील, तर आधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यकशास्त्र किंवा अस्थिव्यंगोपचार विभागात दोन-तीन वेळा दाखवा. तुम्ही लातूरलाच राहता, त्यामुळे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे. राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरणाकडे किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या शासकीय रुग्णालयाकडे, असा दोन्हीकडे अर्ज करण्याची मुभा नियमांत आहे. प्रत्येक भेटीत सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते केसपेपरवर लिहून घ्या. आमवातात तो तासाहून अधिक राहतो आणि दुपारपर्यंत सांधे थोडे सैल होतात. बोर्ड मात्र रुग्णाला दुपारीच पाहतो. सकाळी सहाची आई डॉक्टरांना दिसणार नाही. ती केसपेपरवरच दिसावी लागते.

एक विनंती मात्र आहे. बोर्डाच्या दिवशी जास्त वाईट दिसावे म्हणून चालू औषधे बंद करू नका आणि लंगडण्याचे सोंगही आणू नका. सांध्याचा कोन गोनिओमीटरने मोजतात आणि सोंग घेणारा माणूस लक्ष दुसरीकडे गेले की सरळ चालतो. अनुभवी डॉक्टरला ते दारातच कळते. त्याचप्रमाणे गावातल्या दवाखान्यात "ताकदीचे" इंजेक्शन घेऊनही जाऊ नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असते, त्याने दोन दिवस सांधे हलके होतात आणि मोजमाप खऱ्यापेक्षा चांगले येते.

प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळेलच असे नाही. सूज अजून औषधाने उतरण्यासारखी असेल, तर बोर्ड ठरावीक मुदतीचे तात्पुरते प्रमाणपत्र देते आणि पुन्हा बोलावते. मला त्यात गैर वाटत नाही. योग्य औषधांनी आमवात आटोक्यात येऊ शकतो आणि तसे झाले, तर टक्के कमी होण्याचे दुःख कोणी करू नये. पण वाकडी झालेली बोटे सहसा परत सरळ होत नाहीत, तेव्हा तुमच्या आईच्या हातांबाबत कायमस्वरूपी नोंद मागणे योग्य ठरेल.

तेरणा, धाराशिव

मी स्वतः अकरा वर्षे आमवाताची रुग्ण आहे, म्हणून बालाघाटदादांच्या लिहिण्यात स्वानुभवाची थोडी भर घालते.

माझ्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी टेबलावर एक रुपयाचे नाणे ठेवून ते उचलायला सांगितले. मला ते उचलता आले, पण टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत नेऊन. डॉक्टर नाणे पाहत होते आणि मी कसे उचलले ते त्यांनी पाहिलेच नाही. दुसऱ्या वेळी माझ्या बहिणीने सोबत येऊन सांगितले की हिला नाणे चिमटीत धरता येत नाही, ब्लाउजची हुके लावता येत नाहीत आणि ओला टॉवेल पिळता येत नाही. तेव्हा त्यांनी पुन्हा, यावेळी मधोमध ठेवून, नाणे उचलायला लावले. त्या वेळी मला तीन वर्षांसाठी ४६ टक्के मिळाले. सांगायचे कारण असे की आपल्या बायका डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणतात. तुमची आईही तसेच म्हणाली असेल, तर मला नवल वाटणार नाही. तिच्याशी आदल्या दिवशी बसून बोला आणि खरे सांगण्यात लाज नाही हे तिला पटवा.

दुसरे असे की आधारवरील नाव, जन्मतारीख आणि पोर्टलवरील अर्ज अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. माझ्या कार्डावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी मला त्या रुग्णालयात चार खेपा घालाव्या लागल्या. आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल, तर तेही आधी करा, कारण आपल्यासारख्यांचे अंगठ्याचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ठसा नाही आला, तर ओटीपीवर काम होते.

एसटीच्या सवलतीचे लोक फार सांगतात. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे हे खरे; पण महिलांना मार्च २०२३ पासून तशीही ५० टक्के सवलत आहेच, त्यामुळे तुमच्या आईला अर्ध्याचे पाव होईल एवढाच फरक. सोबत्याला ५० टक्के सवलत ६५ टक्क्यांवरील दिव्यांगत्वालाच मिळते. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत विचारा. स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करणे स्थानिक स्वराज्य संस्थांना बंधनकारक आहे आणि गावात दिव्यांगांची नोंदवही असते. पिवळे कार्ड आले की त्यात आईचे नाव लावून घ्या. आमच्या गावात त्यातून मला कमोडची खुर्ची मिळाली. उकिडवे बसता न येणाऱ्या बाईला तिची किंमत काय असते हे मी इथे लिहीत नाही.

मांजराकाठ, लातूर

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दुधनाकाकांचा मजकूर मी वडिलांना फोनवर वाचून दाखवला. कलम आणि दंडाचा आकडा ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की त्या माणसाला आजच नाही म्हणून सांगतो. सोमवारी आईला लातूरला आणून बाह्यरुग्ण विभागात दाखवणार आहे आणि हातांचे एक्स-रे काढून घेणार आहे. तेरणाताईंचा अंदाजही खरा निघाला. मी आईला विचारले की डॉक्टरांनी काय विचारले होते, तर म्हणाली, "हात कसे आहेत विचारलं, मी म्हटलं चालतंय."

एक शंका राहिली आहे. जुने २८ टक्क्यांचे कार्ड असताना पोर्टलवर नवा अर्ज भरायचा की जुन्यावरच काही करायचे?

दुधना, सेवानिवृत्त अव्वल कारकून

नवा अर्ज भरू नका. एका आधारवर एकच यूडीआयडी क्रमांक असतो आणि दुसरा अर्ज केला की दोन्ही अडकतात. जुन्याच क्रमांकाने लॉगिन करून नूतनीकरणासाठी अर्ज करावा आणि आजार वाढल्याचे व हातांची तपासणी राहिल्याचे एका साध्या अर्जात लिहून तो रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात द्यावा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मात्र न विसरता घ्या. नियमांच्या ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याऐवजी तीन महिने झाली आहे, त्यामुळे लगेच हेलपाटे सुरू करू नका. पण तीन महिने उलटले, तर ती शिक्क्याची प्रत घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा. त्यानंतरही उत्तर आले नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. उत्पन्नाच्या दाखल्याचे काम मधल्या काळात करून ठेवा, मात्र दाखला चालू आर्थिक वर्षाचा असावा. मार्च जवळ आला असेल, तर एप्रिल लागल्यावर काढलेला बरा.